लाल पट्टीची कुपी

बस पुढं. ते खोकं मांडीवर घे, मागं टाकलंस तर पहिल्याच वळणाला आत नुसत्या काचा उरतील. आणि तुला साहेब म्हणणार नाही, राग मानू नको. माझ्या जीपमध्ये बसलेला माणूस टेकडी उतरेपर्यंत माझा पाहुणा असतो, आणि पाहुण्याला मी अरे-तुरेच करतो.

वर पोचायला वेळ लागेल. तोवर एक गोष्ट सांगतो. प्रेमाची आहे. हसतोस काय? माझी नाही ती. माझं प्रेम या जीपवर, आणि तिनं मला कितीदा तरी भर चढावर सोडलंय. ही गोष्ट आहे तू जिच्या बदली आलायस तिची. खाली सगळे तिला हवावाली म्हणतात. आणि माझ्या भाच्याची, म्हणजे माझ्या ताईच्या मुलाची.

खाली बघ, डाव्या हाताला. ती उंच चिमणी दिसते ना? आता थंड आहे, पाखरं बसतात तिच्यावर. तेव्हा दिवस-रात्र धूर ओकायची. कोळशाचं पॉवर हाऊस. अख्ख्या गावाचं पोट त्या चिमणीला बांधलेलं. भाचा तिथं बॉयलरवर होता, म्हणून त्याला सगळे शेगडी म्हणायचे. डोकंही तसलंच. पटकन तापायचं, पटकन विझायचं. पण छाती अशी, की लग्नाच्या मंडपातले सगळे फुगे एकटा फुगवायचा आणि वर शिट्टी मारायचा.

त्या दिवशी माझी बॅटरी उतरली होती. म्हटलं, वर गाडी बंद पडली तर ढकलायला कोणीतरी हवं. शेगडीला सुट्टी होती, त्याला घेतला. हवावालीला अजून कोणी नीट ओळखत नव्हतं. नुकतीच आलेली. कानाला रुमाल बांधलेला, मांडीवर असंच खोकं, आणि खिडकीतून बाहेर बघत गप्प.

वर ती काय करते, ते तुला शिकवलं असेलच. तरी ऐक, गोष्ट त्यातच आहे. कुपीतली हवा आधी काढून घेतलेली असते. वाऱ्याकडं तोंड करायचं, हात लांब धरायचा, तोटी उघडायची… सूंऽऽ करून टेकडीवरची हवा आत. पण त्याआधी श्वास रोखायचा. कारण माणूस नाकातोंडातून जी हवा सोडतो, तिच्यात तो कार्बनचा वायू बाहेरच्या शंभरपट असतो. एक उच्छ्वास आत गेला की कुपी बाद. आणि कुप्या कायम जोडीनं भरायच्या. दोघींतल्या त्या वायूचा आकडा जुळला तर खरा. नाही जुळला, तर दोघी खोट्या. हे सगळं मला तेव्हा माहीत होतं, तिच्या आधीच्या माणसालाही मीच वर आणायचो. शेगडीला कुठलं माहीत असायला?

तो आपला वर पाय मोकळे करत फिरत होता. बघतो तर कड्याजवळ एक पोरगी उभी, गाल फुगलेले, तोंड लालबुंद, डोळे बाहेर आलेले. याला बघून ती मोकळ्या हातानं खुणा करायला लागली. ती म्हणत होती, लांब हो. याला वाटलं, वाचव.

धावत गेला आणि पाठीत असा धपाटा घातला, की मला जीपपर्यंत ऐकू आला.

झालं. रोखलेला सगळा श्वास फस्सकन कुपीच्या उघड्या तोंडावर, आणि धावून आलेल्या शेगडीची धापही.

"काय केलंत हे?" ती खोकत म्हणाली.

"अहो… अहो… वाचवलं तुम्हाला."

"कशापासून?"

"घशात काहीतरी अडकलं होतं ना?"

"काही अडकलं नव्हतं. मी श्वास रोखला होता."

शेगडीनं जरा विचार केला. "कशाला? मला बघून?"

मी म्हटलं, आता हा कड्यावरून खाली जातो. पण ती… अरे, ती हसली. आधी दात-ओठ खाल्ले, मग हसली. रुमाल सुटून वाऱ्यावर उडाला, तो शेगडीनं पळत जाऊन झुडपातून काढून आणला आणि दोन्ही हातांत धरून दिला, प्रसाद द्यावा तसा. तिनं कुपीची तोटी बंद केली, तिच्यावर लाल चिकटपट्टी लावली. म्हणाली, "हिच्यात आता माझाही श्वास आहे आणि तुमचाही. कामातून गेली."

"मग फेकून द्या."

"बघू," म्हणाली.

पुढच्या आठवड्यात माझी बॅटरी नवी होती. तरी शेगडी सकाळपासून जीपपाशी उभा, केस ओले करून चापून बसवलेले. म्हणे, "मामा, ढकलायला कोणीतरी पाहिजेच."

मी म्हटलं, "तू मला ढकलू नकोस म्हणजे झालं."

तिनं त्याला अट घातली. वर यायचं तर तोटी उघडी असेपर्यंत तूही श्वास रोखायचा. मग त्यांचा खेळच झाला तो. तोटी बंद करून दोघं मागं यायचे आणि तसेच श्वास रोखून एकमेकांकडं बघत उभे राहायचे. ज्याचा आधी सुटेल तो हरला, आणि हरलेल्यानं जिंकलेल्याचं एक ऐकायचं. ती दर वेळी हरायची. बॉयलरवाल्याच्या छातीपुढं तिचं काय चालणार? आणि मला वाटतं, तिला हरायला फार वाईटही वाटत नव्हतं.

पहिल्यांदा त्यानं मागितलं, "अहो-जाहो बंद." मग एकदा म्हणाला, "रुमाल सोड, वाऱ्यावर केस कसे दिसतात बघू दे." मी आपला बॉनेट उघडून उगाच आत डोकं घालायचो. त्या वर्षी माझं इंजिन फार स्वच्छ होतं.

एकदा मात्र त्यानं भलतंच मागितलं. म्हणाला, "आकडा सांग."

तिनं आधी कुप्या खोक्यात ठेवल्या. मग म्हणाली, "गेल्या वर्षीपेक्षा जास्त."

"कमी कधी होता?"

"झाडं फुटतात तेव्हा थोडा उतरतो. झाडं ओढून घेतात ना. पानं गळली की परत चढतो. आणि दर वर्षी आधीच्या वर्षाच्या वर जाऊन बसतो. मी लहान होते तेव्हापासून एकदाही खाली आलेला नाही."

"आमच्यामुळं?"

"तुमच्यामुळं, मामांच्या जीपमुळं, माझ्या घरच्या दिव्यामुळं… सगळ्यांमुळं."

तेव्हापासून मी उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवत नाही. माझ्यानं एवढंच झालं.

शेगडी खालच्या चिमणीकडं बघत होता. "समज, आमची ही चिमणी बंद झाली. तुझ्या कुपीत किती उतरेल?"

तिनं खोक्याचा पट्टा ओढून बसवला.  म्हणाली, "दिसणारसुद्धा नाही."

"म्हणजे?"

"एका चिमणीनं नाही दिसत रे. अशा हजारो आहेत. पण प्रत्येकजण असंच म्हणाला तर…"

"तर?"

"तर मी इथं म्हातारी होईन, आणि आकडा चढत राहील."

त्यावर त्यानं काही विनोद केला नाही. नुसता तिच्या हातातला खोक्याचा पट्टा धरला. एक टोक तिच्या हातात, एक याच्या. असेच जीपपर्यंत आले.

मग एकदा तिला घरी घेऊन गेला. तिथं माझे दाजी, म्हणजे त्याचा बाप, खिडकीपाशी पलंगावर. उभा जन्म त्यांनी पॉवर हाऊसची राख उपसली आणि राखेनं त्यांची छाती भरून टाकली. नाकाला नळी, पलंगाखाली ऑक्सिजनचं मशीन, घुर्र घुर्र करत. ते मशीन चालायचं कशावर? त्याच पॉवर हाऊसच्या विजेवर. ज्यानं छाती खाल्ली तेच श्वास पुरवत होतं. आता कोणाशी भांडायचं, सांग.

दाजींनी तिला नीट बघून घेतलं. "तूच का ती? आमची चिमणी बंद करणारी?"

"मी फक्त मोजते, काका."

"डॉक्टरही असंच म्हणाला होता."

ताई मधे पडली, "अहो, पोरगी पहिल्यांदा घरी आलीये."

"येऊ दे की. विचारतोय फक्त. सूर्य मावळला, वारा पडला, तर हे माझं मशीन कोण फिरवणार? तू?"

ती म्हणाली, "वीज साठवता येते. बॅटरीत."

दाजी माझ्याकडं बघून म्हणाले, "मामाच्या जीपची बॅटरी बघितलीस ना तू?"

हसले सगळे. दाजी हसता हसता खोकायला लागले, आणि मग कोणी हसलं नाही. ती उठली, न सांगता त्यांच्या पाठीमागं उशी सारली, नळी सरळ केली. ताईनं मला डोळ्यांनी खूण केली: पसंत आहे. तेवढ्यात वीज गेली. मशीन थांबलं. ताईनं छोटा सिलिंडर ओढून जोडेपर्यंत दाजींचे ओठ निळे. जेमतेम मिनिटभर गेलं असेल, पण हवावालीनं तोंडावर हात घेतलेला मी पाहिला. परत येताना जीपमध्ये म्हणाली, "मामा, मी बरोबर आहे. तरी मला लाज का वाटतेय?"  मी गिअर बदलला.

आणि मग ती सभा आली.

शाळेच्या मोठ्या खोलीत भरली होती. पॉवर हाऊस ठेवायचं की बंद करून पवनचक्क्या आणि सौर पाट्या लावायच्या, लोकांचं म्हणणं घ्यायला वरून अधिकारी आलेले. एका बाजूला पवनचक्कीवाले, गुळगुळीत चित्रं घेऊन. एका बाजूला आमचे कामगार, बायका-मुलांसकट. हवावालीला आकडे सांगायला बोलावलेलं.

आता आमच्या शेगडीचं डोकं जितकं तापट तितकंच तोंड सैल. टेकडीवर ती काय बोलली, ते तो कँटीनमध्ये बोलून बसला होता. वाईट मनानं नाही. कौतुकानं. "बघा, किती खरं बोलते ती." ते युनियनच्या पुढाऱ्यानं उचललं. म्हणाला, "झालं तर मग. सभेत तूच उभा राहा आणि विचार, आमची चिमणी बंद केल्यावर आकडा किती उतरेल? ती खोटं बोलणार नाही. 'दिसणार नाही' म्हणाली की आपण जिंकलो. तुझा बाप वाचला."

इकडं आड, तिकडं विहीर. विचारावं, तर तिनं विश्वासानं सांगितलेलं तिच्याच तोंडावर मारायचं. न विचारावं, तर बापाचं मशीन बंद पडायचं.

तिचं बोलून झालं. पुढाऱ्यानं याला कोपर मारलं. शेगडी उठला. माईक हातात घेतला. तिच्याकडं बघितलं… आणि गप्प. लोक वाट बघतायत. मी बाजूच्या दारातून बघतोय, तर याचे गाल फुगलेले, मान ताठ. श्वास रोखून उभा होता रे. टेकडीवर तोटी उघडी असताना उभा राहायचा, तस्सा. सगळ्यांना वाटलं घाबरला. कळलं ते फक्त तिला, आणि मला.

त्यानं माईक खाली ठेवला आणि बसला.

पुढारी दात खात उठायला लागला, तर तीच बोलली. "यांना एक प्रश्न विचारायचा होता. ते विचारत नाहीयेत, म्हणून मी उत्तर देते. ही एक चिमणी बंद झाली तर माझ्या कुपीत काही दिसणार नाही."

काय गलका झाला. शिट्ट्या, बाकांवर थापा. ती पुढं काहीतरी सांगत होती, ओठ हलताना दिसत होते. कोणी ऐकलं नाही. पुढाऱ्याला खांद्यावर घेऊन लोक बाहेर पडले. रिकाम्या खोलीत ती कागद गोळा करत होती आणि शेगडी खुर्च्या सरळ करत होता. त्याचं काम नव्हतं ते, तरी.

"मी नाही विचारलं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग तू का बोललीस?"

"तू न विचारल्यामुळं ते खोटं थोडंच होतं? आणि तुझे बाबा…" 

"माझ्याशी लग्न करशील?"

"खुर्ची ठेव आधी खाली," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ते दोघं हातात हात घालून गावातून चालत गेले. कामगार याच्याकडं पाठ फिरवत होते, पवनचक्कीवाले तिच्याकडं. दोन्ही बाजूंनी वाळीत पडलेली जोडी. पण काय छान दिसत होते.

इथं मी गोष्ट थांबवली असती तर बरं झालं असतं. पण अजून चढ बाकी आहे.

पॉवर हाऊस बंद झालंच. तिच्या आकड्यानं नाही, आमच्या ओरड्यानंही वाचलं नाही. बॉयलर जुने झाले, मालकांनी समुद्रापलीकडं याच्या तिप्पट मोठं नवं बांधलं. कोळशाचंच. इथं राख साठवायच्या तळ्यावर सौर पाट्या आल्या. त्या पुसायला दोन माणसं आणि एक फडकं लागतं. बाकीच्यांना सांगितलं, तिकडं या, बॉयलरवाले हवेत. आम्ही ज्याच्यासाठी एकमेकांची डोकी फोडली ते दुसऱ्याच कोणीतरी कधीच ठरवून टाकलं होतं.

दाजींचं औषधपाणी, मशीन आणि आता त्याची बॅटरी, घर… शेगडीला जाणं भाग होतं. आणि तिला जाता येईना. एक आठवडा चुकला तर तिच्या आकड्यांच्या ओळीत भोक पडतं, आणि गेलेल्या आठवड्याची हवा परत कुठून आणणार? दुसरं माणूस मागितलं तर वरून उत्तर यायचं, बघू. तुला आता पाठवलंय, तेही तिनं नोकरी सोडते म्हटल्यावर. लग्न तो परत आल्यावर, असं ठरलं. पण तो परत कधी येणार? दाजी गेले की, हे कोण तोंडानं म्हणेल?

निरोपाला मीच त्यांना स्टँडवर सोडलं. तो म्हणाला, "तिकडं जाऊन परत धूरच सोडणार मी. चालेल तुला?"

"नाही चालणार," ती म्हणाली. "पण तो इथंही येईल. कुठंही सोडला तरी वर्षभरात जगभर पसरतो."

"मग माझा श्वासही येईल की. थोडा थोडा."

"येईल…"

"आकडा चढला की समज, मी आठवण काढतोय."

"अरे येड्या," ती म्हणाली. "तो चढू नये म्हणून तर मी तिथं उभी असते."

बस गेली. तिनं रुमाल हलवला नाही, नुसता मुठीत धरून ठेवला.

मग फोन. कुप्या भरायच्या वेळी ती फोन खोक्यावर ठेवायची, आवाज मोठा करून. तिकडं तो ड्युटी सोडून गेटाबाहेर यायचा. ती म्हणायची, "हं." दोघं एकदम श्वास रोखायचे. इथं वारा, तिथं मशिनांची घरघर. तोटी उघडायची, बंद करायची, खोकं घेऊन ती जीपपर्यंत यायची, तरी याचा सुटलेला नसायचा. मग ती हुश्श करायची. तो हसायचा, "हरलीस. आता माझं एक ऐक." कधी म्हणायचा, गाणं म्हण. कधी म्हणायचा, मामाला माझ्याकडून एक शिवी घाल. घालायची. छान घालायची.

आकडा चढत होता. ती मला सांगायची नाही, मी विचारायचो नाही. खोकं बंद करताना तिच्या खांद्यावरून कळायचं.

दाजी गेल्या थंडीत गेले. वाटलं, आता पोरगा येईल. क्रियाकर्माला आला, दोन दिवसांत परत गेला. म्हणाला, पुढच्या महिन्यात कायमचा येतो. मग म्हणाला, त्याच्या पुढच्या. मला वाटलं, तिकडं मन रमलं. तिला तसं वाटलं नाही. ती ऐकत होती ना. आधी तो जिंकायचा, पण जरा कमी फरकानं. मग बरोबरी व्हायला लागली. मग एकदा मधेच खोकला, तो म्हणाला, माशी गेली तोंडात. पुढच्या वेळी परत माशी.

मागच्या खेपेला मी जीपमध्येच होतो. ती "हं" म्हणाली. श्वास रोखला. हात लांब केला. तिनं तोटी उघडायच्याही आधी फोनमधून त्याचा श्वास सुटलेला ऐकू आला. आणि मग खोकला. दाजींचा खोकला, अगदी तोच. तो खोकला मी झोपेतही ओळखेन.

तिनं हात हलू दिला नाही. दोन्ही कुप्या नीट भरल्या, तोट्या बंद केल्या. मग मागं फिरली, फोन उचलला.

"हरलास," ती म्हणाली.

 तिकडून नुसती धाप.

"आता माझं एक ऐक."

"सांग."

"आहेस तिथंच थांब. मी येतेय."

काल गेली. डॉक्टर तिला काय सांगणार, ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. खोटी आशा मी धरत नाही आणि तुलाही देणार नाही. तिकडच्या चिमण्या चालू आहेत, इकडचा आकडा तू आज भरशीलच.

आलो आपण. ती खोली बघ. उतरायच्या आधी एक ऐक.

आत खिडकीखाली फळी आहे. तिच्यावर एक कुपी एकटीच ठेवलेली आहे, तोटीला लाल पट्टी. तिनं वरच्या ऑफिसला 'फुटली' म्हणून कळवलंय, पण ती फुटलेली नाही. मी तिला म्हटलं होतं, बरोबर घेऊन जा. म्हणाली, "प्रवासात खरंच फुटली तर? राहू दे मामा. तिच्यात त्याचा श्वास चांगला आहे अजून."

तुझ्याकडं कधी कुप्या कमी पडतील. दिसायला ती रिकामीच दिसते.

तेवढी सोडून दुसरी कुठलीही घे, बाबा. ती उघडू नकोस.